किलोभर कोळंबी, अर्ध्या किलोचा हिशेब!

वीकएंडला कोळंबी आणताना आपण पैसे देतो किलोचे, पण खातो किती? डोकं, साल, बर्फ आणि पाणी वजा केल्यावर ताटात उरतं काय? आणि हा हिशेब नुसत्या नजरेने करणाऱ्या बायकांच्या हातात शेवटी पडतं काय?

सॅटरडे नाइटचा प्लॅन ठरतो. कुणाच्या घरी भेटायचं ते ठरतं, कोण स्पीकर आणणार ते ठरतं, आणि 'कोळंबी भात प्लस कोळंबी फ्राय' हा मेनूही बिनविरोध पास होतो. मग ग्रुपवर कुणीतरी तो गुगली टाकतं... 'पण आणायची किती?'

झालं! एक म्हणतो किलोभर बास. दुसरा म्हणतो सहा जणांत किलो म्हणजे चेष्टा आहे का? तिसरी फिश ॲपची लिंक फॉरवर्ड करते, तिथे 'ग्रॉस ५०० ग्रॅम, नेट २५० ग्रॅम' असं काहीतरी गूढ लिहिलेलं असतं. चौथ्याचं म्हणणं, सरळ मार्केटमध्ये जाऊन दोन वाटे उचलू. आणि पाचवा सुपरमार्केटच्या फ्रीझरसमोर उभा राहून पाकिटाचा फोटो पाठवतो.

आता खरा प्रश्न बघा. समजा, बाजारात अख्खी कोळंबी ५०० रुपये किलो आहे आणि तुमच्या ॲपवर सोललेली, धागा काढलेली कोळंबी ९०० रुपये किलो. (हे आकडे फक्त हिशेबासाठी. भाव रोज बदलतो आणि सिझनप्रमाणे जाम बदलतो.) स्वस्त कुठली?

'अर्थात अख्खी!' असं दहापैकी नऊ जण सांगतील. पण गंमत अशी, की या भावात अख्खी कोळंबी महाग पडते. कसं काय? त्यासाठी कोळंबीचं डोकं उडवावं लागेल.

डोक्याला शॉट!

निसर्गाने कोळंबीला शरीराच्या मानाने भलतंच मोठं डोकं दिलंय. समुद्रातल्या नेहमीच्या कोळंबीचं डोकं काढलं, की अख्ख्या वजनातलं साधारण ६० ते ६५ टक्के उरतं. म्हणजे किलोमागे ३५० ते ४०० ग्रॅम तिथेच गुल! मग साल, शेपटीचं टोक आणि पाठीतला काळा धागा. हे सगळं गेलं, की निव्वळ मांस उरतं साधारण ४५ ते ५५ टक्के. या उरलेल्या भागाला धंद्याच्या भाषेत 'यील्ड' म्हणतात, आपण सरळ 'उतारा' म्हणू.

आकडे वाचून विश्वास बसतोच असं नाही, म्हणून मी घरच्या ओट्यावर प्रयोग केला. किचनचा डिजिटल काटा घेतला आणि बरोबर १ किलो मध्यम आकाराची ताजी कोळंबी. नग भरले ५८. डोकी काढल्यावर काटा आला ६२० ग्रॅमवर. साल आणि धागा काढल्यावर ५१० ग्रॅम. हळद-मीठ लावून कढईत चार मिनिटं परतली आणि पाणी निथळून पुन्हा काट्यावर ठेवली, तर ४१० ग्रॅम. किलोभर कोळंबीचं ताटात पोचेपर्यंत हे झालं!

म्हणून पहिला फंडा अगदी सोपा. अख्ख्या कोळंबीचा भाव दिसला की त्याची दुप्पट करा. ५०० रुपये किलोची अख्खी कोळंबी म्हणजे १००० रुपये किलोचं मांस. मग सोललेलीचा भाव बाजूला ठेवा आणि तुलना करा. ९०० रुपयांची सोललेली इथे १०० रुपयांनी स्वस्त दिसते. आता, सोलायची मेहनत वाढली आणि तरीही भाव कमी, हे कसं? हा प्रश्न मनात ठेवा, त्याच्याकडे येणारच आहे.

एक अपवाद लक्षात असू दे. गोड्या पाण्यातली ती मोठ्या निळसर नांग्यांची कोळंबी, जिला हॉटेलच्या मेनूकार्डावर 'स्कॅम्पी' म्हणतात, तिचं डोकं आणखी मोठं असतं. तिच्यात अख्ख्या वजनाच्या निम्मंही मांस मिळत नाही. दिसायला राजा, उताऱ्याला मात्र बेताचीच! आणि दुसऱ्या टोकाला आपला जवळा. तो एवढा चिमुकला, की त्याला सोलण्याचा प्रश्नच येत नाही. जवळा अख्खाच खायचा, म्हणजे उतारा शंभर टक्के!

'काऊंट' म्हणजे काय रे भाऊ?

कोळंबीच्या धंद्यातली माणसं 'मोठी', 'मध्यम', 'जम्बो' वगैरे शब्दांवर विसंबत नाहीत. त्यांचा शब्द एकच, काऊंट. म्हणजे एका किलोत किती नग. ३० काऊंट म्हणजे किलोला ३० नग, एकेक साधारण ३३ ग्रॅमचा. ६० काऊंट म्हणजे एकेक नग १६-१७ ग्रॅमचा. आकडा वाढला की कोळंबी लहान आणि भाव कमी. माझी ओट्यावरची कोळंबी या भाषेत ५८ काऊंट!

फ्रोझन पाकिटावर मात्र '१६/२०', '३१/४०', '५१/६०' असे जोड-आकडे दिसतात. ते बहुतेक वेळा किलोचे नसून पाऊंडाचे असतात. निर्यातीच्या बाजारात पाऊंड चालतो आणि १ पाऊंड म्हणजे ४५४ ग्रॅम. '१६/२०' म्हणजे पाऊंडाला १६ ते २० नग, एकेक २३ ते २८ ग्रॅमचा. आणि हे वजन अनेकदा डोकं काढलेल्या कोळंबीचं असतं. डोक्यासकट हाच नग ३५ ते ४५ ग्रॅमचा भरेल. म्हणून पाकिटावरचा २० आणि मच्छीवाल्याचा २० यांची थेट तुलना करायला जाऊ नका, डोकं चक्रावेल.

आता लांबीचा खेळ. कोळंबी लांबीत थोडीशी वाढली, की वजनात प्रचंड वाढते. शाळेत घनफळ शिकलो होतो ना, तेच इथे लागू पडतं. लांबी वाढते तशी रुंदी आणि जाडीही वाढते, म्हणून वजन साधारण लांबीच्या घनाने वर जातं. ८ सेंटिमीटरची कोळंबी १० सेंटिमीटरची झाली, तर डोळ्यांना दोन सेंटिमीटरचा फरक दिसतो, पण वजन जवळजवळ दुप्पट! आणि १२ सेंटिमीटरला पोचली, तर मूळच्या सव्वातीनपटीहून जास्त.

पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद का ठेवतात, याचं एक उत्तर या गणितात आहे. आपल्याकडे १ जूनला बंदी सुरू होते. त्या काळात मासळीला अंडी घालायला आणि पिल्लांना वाढायला उसंत मिळते. बारीक कोळंबी घाईने जाळ्यात ओढली तर मिळतात चिल्लर पैसे. तीच काही आठवडे पाण्यात राहिली, तर तेवढ्याच नगांचं वजन कुठल्या कुठे जातं आणि काऊंट सुधारल्यामुळे किलोचा भावही चढतो. बोनस दोन बाजूंनी!

पहाटेचं ससून डॉक

कुलाब्याचं ससून डॉक आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत झालं ते २०१७ च्या आर्ट प्रोजेक्टमुळे. भिंतींवरची चित्रं, सेल्फी वगैरे. पण १८७५ मध्ये सुरू झालेल्या या बंदराचा खरा शो पहाटेचा असतो. या लेखासाठी मी पाचच्या सुमाराला तिथे पोचले, तेव्हा माझ्या दृष्टीने रात्र चालू होती आणि त्यांच्या दृष्टीने निम्मा दिवस संपला होता!

बोटीच्या खणातून बर्फात ठेवलेला माल वर येत होता. पाट्या, क्रेट, ओरडा, पायाखाली पाणी. खलाश्यांनी कोळंबी बोटीवरच निवडून आकाराप्रमाणे वेगळी केलेली असते. धक्क्यावर पाटी टेकते न टेकते तोच बोली सुरू होते. बोली लावणाऱ्यांच्या नजरेसमोर असते फक्त वरची एक थर कोळंबी. त्यावरून पाटीत किती किलो आहे, त्यात बर्फ किती, काऊंट काय पडेल, सोलल्यावर उतारा किती येईल, हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत डोक्यात जुळवायचं आणि आकडा बोलायचा. आपल्याकडे एवढ्या माहितीवर निर्णय घ्यायचा तर दोन मीटिंगा आणि एक प्रेझेंटेशन लागलं असतं!

नजर कशी चालते, ते मी एका एजंटला विचारलं. त्याने उत्तर देण्याऐवजी करून दाखवलं. पाटीच्या वरची कोळंबी त्याने हाताने बाजूला सारली, मधून आणि तळातून माल काढला, छोट्या काट्यावर पाव किलो केला आणि नग मोजले. सोळा. चारने गुणलं, ६४ काऊंट. वरचा थर कधीच मोजायचा नाही, कारण मोठे नग वर ठेवायची पद्धत सगळ्या जगात सारखीच. मग त्याने चार-पाच नगांची डोकी हलकेच हलवून पाहिली. डोकं घट्ट असेल तर माल ताजा.

हा डोक्याचा मुद्दा महत्त्वाचा. कोळंबीची पचनग्रंथी डोक्यात असते. ती मेली की त्या ग्रंथीतले पाचक रस स्वतःच्याच मांसावर काम करायला लागतात. बर्फ कमी पडला किंवा उशीर झाला, की मानेजवळचं मांस मऊ पडतं, डोकं सैल होतं आणि सोलताना मांसाचा तुकडा डोक्याबरोबरच निघून येतो. म्हणजे वजन काट्यावर तेवढंच, उतारा मात्र कमी. नुकतीच कात टाकलेली कोळंबीही अशीच फसवी. कात टाकताना ती पाणी शोषून फुगते, त्यामुळे दिसते गुबगुबीत, पण साल मऊ आणि आत मांस पाणचट. अनुभवी माणूस बोटाने दाबून तिला बाजूला काढतो.

आणि नजरेचा हा हिशेब फक्त व्यापारापुरता नाही बरं का! देशात समुद्रातून दरवर्षी किती मासळी आली, याचे अंदाज केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था काढते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय कोचीला आहे. किनाऱ्यावरची प्रत्येक बोट तोलणं अशक्य, म्हणून काही बंदरं, काही दिवस आणि काही बोटी नमुन्याला निवडतात. संस्थेचा माणूस धक्क्यावर उभा राहतो, बोटीतून किती पाट्या उतरल्या ते मोजतो, एका पाटीत किती वजन मावतं ते त्याला माहीत असतं, आणि मग गुणाकार. मोठमोठ्या रिपोर्टमधल्या टनांच्या आकड्यांचा उगम शेवटी एका पाटीत आहे. सही आहे ना?

मावशीचा काटा

डॉकवरून निघालेली पाटी ट्रेनने, टेम्पोने शहरभर पसरते आणि आपल्या नाक्यावरच्या मार्केटात येते. इथे राज्य कोळणींचं. इथे अजूनही बऱ्याच ठिकाणी कोळंबी किलोवर न विकता वाट्यावर विकतात. फळीवर छोटे छोटे ढीग, प्रत्येकाचा भाव ठरलेला, आणि घासाघीस अर्थातच अलाऊड!

नव्या पिढीला वाट्याची भीती वाटते. काटा नाही, स्टिकर नाही, मग फसलो तर? मी माझ्या नेहमीच्या मावशींना एक दिवस विनंती केली, की प्रत्येक वाट्याचं वजन आधी तुम्ही सांगा, मग आपण शेजारच्या काट्यावर ठेवून बघू. मावशी हसल्या. त्यांनी एक वाटा दोन्ही हातांच्या ओंजळीत उचलला, जरासा झुलवला आणि म्हणाल्या, "पाऊण किलोला जरा कमी हाय. सोललीस तर साडेतीनशे पडंल."

काट्यावर भरले ७४० ग्रॅम. तिथेच सोलून घेतली. मांस भरलं ३६० ग्रॅम.

"मावशी, कसं काय कळलं?"

"हाताला कलतं गो बाय. रोजचाच हाय."

बस्स, एवढंच स्पष्टीकरण! रोजचंच आहे. आपण ज्याला स्किल म्हणतो, सर्टिफिकेट लावून लिंक्डइनवर टाकतो, ते मावशींच्या लेखी 'रोजचंच' आहे. आणखी चार वाटे उचलून बघितले. सगळ्यात मोठा फरक पडला ३० ग्रॅमचा. माझ्या घरचा काटाही सेल उतरला की यापेक्षा जास्त गोंधळ घालतो.

वाट्यात आपल्याला तोटा होतो का? वाटा म्हणजे मावशीने नजरेने केलेलं पाकीटच. त्यात लहान-मोठी मिसळलेली असते, म्हणून एकूण ढीग न बघता आतले नग बघायचे. आणि दोनदा मावशीकडे गेलात, की तिसऱ्यांदा ती तुम्हाला ओळखते आणि वरून चार नग टाकते. ही स्कीम कुठल्याही ॲपच्या लॉयल्टी पॉइंटपेक्षा भारी आहे.

स्वस्त कुणाच्या जिवावर?

आता तो मनात ठेवलेला प्रश्न. अख्ख्या कोळंबीतलं मांस १००० रुपये किलो पडतं आणि सोललेली ९०० ला मिळते, ते कसं?

याची काही उत्तरं सरळ आहेत. कंपनी घाऊक भावात माल उचलते. सोललेल्या मालात बहुतेक वेळा लहान काऊंट असतो, जो अख्खा कमी भावात मिळतो. शिवाय हल्ली बाजारात तलावात वाढवलेली व्हेनामी कोळंबी भरपूर असते. ही मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची, आणि आपल्या सरकारने २००९ मध्ये तिच्या संवर्धनाला परवानगी दिली. तलावातला माल एकसारख्या आकाराचा असतो, त्यामुळे काऊंट आणि उताऱ्याचा अंदाज चुकत नाही.

पण एक उत्तर सोलण्याच्या शेडमध्ये आहे.

डॉकच्या परिसरातल्या एका शेडमध्ये मी दोन तास बसले. ओल्या जमिनीवर बायका रांगेने उकिडव्या बसलेल्या, समोर कोळंबीचा ढीग, बर्फाचं पाणी, बाजूला भांडं. डोकं उडव, साल काढ, मांस भांड्यात टाक. हात इतके भराभर चालतात, की कॅमेऱ्यालाही पकडता येऊ नये. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. तो दिवसभर बोटांत टोचतो आणि गार पाण्याने त्या चिरा भरून येत नाहीत. बऱ्याच जणींच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

या बायकांना पैसे मिळतात सोललेल्या मालाच्या वजनावर. आणि इथे उताऱ्याचं गणित एकदम वेगळं दिसायला लागतं.

४० काऊंटची कोळंबी असेल, तर किलोभर मांसासाठी साधारण ८० नग सोलावे लागतात. १०० काऊंटची असेल, तर २०० नग. भांड्यात पडणारं वजन तेच, काम अडीचपट! मी बसले होते त्या शेडमध्ये बारीक मालाला दर थोडा जास्त होता, पण अडीचपटीच्या जवळपासही नव्हता.

दुसरी गोष्ट. समजा एकीच्या वाट्याला दिवसात २० किलो अख्खा माल आला. ५० टक्के उतारा पडला, तर तिचं भांडं १० किलोचं. बोटीवर बर्फ कमी पडला असेल, डोकी सैल झाली असतील आणि उतारा ४५ टक्क्यांवर आला असेल, तर ९ किलो. तेवढेच नग, तेवढाच वेळ, तेवढेच काटे बोटांत. पण मजुरी दहा टक्क्यांनी कमी. उशीर कुणामुळे झाला? बोटीवर बर्फ कुणी कमी भरला? यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. कट मात्र तिच्या पैशातून!

शेडमधल्या एका ताईंनी मला ढिगातला एक नग हातात धरून दाखवला, डोकं नुसतं लोंबत होतं. "हे बघा, याच्यात अर्धं वजन जातं," त्या म्हणाल्या आणि पुढचा नग उचलला. बोलताना हात थांबवणं त्यांना परवडणारं नव्हतं. ताजी कोळंबी कुठली आणि शिळी कुठली, हे एखाद्या शेफपेक्षा त्यांना जास्त कळतं. कारण त्यांचा पगार रोज त्याच्यावर ठरतो. तुम्हाला-मला अप्रेझल वर्षातून एकदा असतं, त्यांना प्रत्येक ढिगाला!

सोडे एवढे महाग का?

आई-आजीकडे सोडे मोजून-मापून का वापरतात, हेही या निमित्ताने कळलं. कोळंबीच्या कच्च्या मांसात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. किलोभर अख्ख्या कोळंबीतून निघालं अर्धा किलो मांस, ते उन्हात वाळवलं की हातात येतात कसेबसे सव्वाशे-दीडशे ग्रॅम सोडे. म्हणजे १ किलो सोड्यांमागे सात-आठ किलो कोळंबी आणि ती सोलायची, वाळवायची मेहनत वेगळी. पुढच्या वेळी सोड्यांची खिचडी समोर आली, की शेवटचा घास टाकून उठायच्या आधी हा आकडा आठवा.

पाण्याचे पैसे

फ्रोझन पाकीट घेणाऱ्यांनीही जरा थांबावं. गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा पातळ थर चढवतात, त्याला 'ग्लेझ' म्हणतात. हेतू चांगला असतो, कोळंबी फ्रीझरमध्ये कोरडी पडू नये. पण थर जाड झाला, की आपण बर्फ विकत घेतो. कोळंबीसाठीच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात स्पष्ट म्हटलंय, की पाकिटावरचं निव्वळ वजन हा बर्फ वगळून सांगायचं. म्हणून 'नेट वेट' शोधा. एखादं पाकीट घरी उघडून चाळणीत पूर्ण वितळू द्या, निथळा आणि तोला. ५०० ग्रॅमच्या जागी ४०० भरले, तर ब्रँड बदला.

घटक पदार्थांची यादीही वाचा. त्यात फॉस्फेटचं नाव असेल, तर मांसात पाणी धरून ठेवण्यासाठी कोळंबी त्याच्या द्रावणात ठेवलेली असते. काट्यावर ती जड भरते, कढईत पाणी सोडते. थोडं पाणी सगळ्याच कोळंबीला सुटतं, पण कालवणात पोहायला लागली तर समजून जा!

खरेदीला निघताय? हे लक्षात ठेवा

● माणशी १०० ग्रॅम सोललेली कोळंबी धरा. सहा जणांना ६०० ग्रॅम मांस, म्हणजे सव्वा किलो अख्खी. मेनूत फक्त कोळंबीच असेल, तर दीडपट करा.

● अख्ख्याचा भाव दुप्पट करून मगच सोललेल्याशी तुलना करा.

● काऊंट विचारा. नाही सांगितला तर पाव किलोतले नग मोजा आणि चारने गुणा.

● वरचा थर सोडून मधला माल बघा. डोकं घट्ट, साल कडक आणि चकचकीत, वास समुद्राचा. अमोनियासारखा वास आला तर पुढे चला.

● डोक्याजवळचे काळे डाग म्हणजे कोळंबी सडलीच असं नाही. हवेमुळे सालीत होणारी ती प्रक्रिया असते. पण डाग आणि सैल डोकं दोन्ही असेल, तर उतारा कमी येणार हे नक्की.

● 'साफ करून' मागवताना विचारा, वजन सोलायच्या आधीचं की नंतरचं?

● डोकी आणि साली फेकू नका. पैसे दिलेत त्यांचे! पाण्यात उकळून, गाळून तेच पाणी भाताला वापरा. कोळंबी भाताची खरी चव तिथे असते.

शेवटची गोष्ट टिप्सच्या यादीत मुद्दाम घातली नाही. मार्केटमध्ये कोळंबी घेतल्यावर बाजूला बसलेली बाई ती सोलून देते आणि किलोमागे थोडे पैसे मागते. आपण मॉलमध्ये पार्किंगचे पैसे निमूट देतो, सिनेमाच्या पॉपकॉर्नवर एक शब्द बोलत नाही, आणि इथे नेमके दहा रुपयांसाठी अडून बसतो. किलोला साठ नग म्हणजे साठ वेळा तो काटा, साठ वेळा ती साल. कोळंबीच्या भावात घासाघीस बिनधास्त करा, मावशीही तुम्हाला तेवढ्याच जोरात उत्तर देतील. सोलण्याचे पैसे मात्र मागितले तेवढे देऊन टाका.